ई-रीडर मुलांना घरी न्यायला द्यावा का?

शाळेत एखादी महागाची वस्तू आली की दोन गोष्टी लगेच घडतात. तिची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद होते आणि तिला कुलूप लागते. यात मुख्याध्यापकांना दोष देऊन भागणार नाही. वस्तू फुटली किंवा हरवली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. बदली झाल्यावर चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. मोडक्या वस्तूचे निर्लेखन करून घेणे म्हणजे काय, हे तर ज्याने केले त्यालाच ठाऊक! सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, संगणक, टॅब अशा अनेक वस्तू या वाटेने कपाटात गेल्या. आता त्या रांगेत ई-रीडर उभा आहे.

ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तके वाचण्यासाठी केलेले, पाटीएवढेही नसलेले उपकरण. वजन साधारण दोनशे ग्रॅम. त्यात शेकडो पुस्तके मावतात. ग्रंथालयाने तो पुस्तकासारखाच मुलांना आठवडाभर घरी न्यायला द्यावा, ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण ती आपल्याकडे चालेल का? कोणत्या अटींवर चालेल?

हा प्रश्न हवेत ठेवण्यापेक्षा एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले, वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर. विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वांना माहीत आहे. येथून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. नदीपलीकडे वर्धा जिल्हा सुरू होतो. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. मोठे पुस्तकांचे दुकान गाठायचे तर अमरावतीला जावे लागते. समजा, अशा गावातल्या शाळेला दहा ई-रीडर मिळाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असायलाच हवे. तेव्हा हे दहा नग त्या ग्रंथालयात दाखल झाले. पुढे काय?

कागदासारखा पडदा

मोबाइलचा पडदा आणि ई-रीडरचा पडदा यांत मूलभूत फरक आहे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. उन्हात नेला की सूर्यप्रकाशापुढे त्याचा प्रकाश फिका पडतो आणि अक्षरे दिसेनाशी होतात. ई-रीडरचा पडदा कागदासारखा आहे. त्यावर बाहेरून पडलेला प्रकाश परावर्तित होतो आणि तोच आपल्या डोळ्यांत येतो. त्यामुळे ऊन जितके लख्ख तितके अक्षर स्पष्ट. (काही उपकरणांत रात्रीसाठी कडेला छोटे दिवे असतात, पण तेही पडद्याच्या मागून नव्हे, वरच्या थरातून प्रकाश टाकतात.)

हे कसे साधले? पडद्यात एक पातळ थर असतो. त्या थरात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेलकट द्रव आणि त्यात तरंगणारे दोन प्रकारचे कण असतात. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतो त्याच पदार्थाचे. काळे कण काजळीच्या जातीचे. आपल्या जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी काजळीचीच शाई वापरली होती. तेव्हा शाई तशी फारशी बदललेली नाही! मात्र येथे पांढऱ्या कणांवर एक विद्युतभार असतो आणि काळ्यांवर त्याच्या विरुद्ध. कुपीच्या खालच्या बाजूने योग्य विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. वर काळे आले तर तो बिंदू काळा दिसतो, पांढरे आले तर पांढरा. अशा लाखो बिंदूंतून अक्षर उमटते.

विद्युतभारित कण द्रवातून सरकतात, हे काही नवे ज्ञान नाही. १८०७ साली मॉस्कोत फर्डिनांड रॉइस यांनी पाण्यातले मातीचे कण विजेच्या प्रभावाने सरकताना पाहिले होते. पुढे याच तत्त्वावर रक्तातली प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धती निघाल्या. त्यावरून वाचता येईल असा पडदा करण्याचे काम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी १९९० नंतरच्या दशकात केले. त्यांचा शोधनिबंध १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. २००४ मध्ये जपानात सोनीने आणि २००७ मध्ये अमेरिकेत अॅमेझॉनने असा पडदा असलेली उपकरणे बाजारात आणली. भारतात किंडल २०१२ मध्ये आले.

या रचनेचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा, की कण एकदा जागेवर बसले की तेथेच राहतात. पान दिसत ठेवायला वीज लागत नाही, ती मुख्यतः पान उलटताना लागते. म्हणूनच एकदा चार्ज केलेले उपकरण आठवडेच्या आठवडे चालते.

करून पाहा: पुठ्ठ्यांचा ई-कागद

हे तत्त्व वर्गात सहज समजावता येते. पुठ्ठ्याचे ६४ चौकोन कापा. प्रत्येकाची एक बाजू काळी, एक पांढरी करा. जमिनीवर आठ ओळींत आठ-आठ मांडा, सर्व पांढऱ्या बाजूने. आता एका मुलाने चौकटीच्या कागदावर ‘ट’ किंवा ‘प’ काढून प्रत्येक ओळ ‘पांढरा, पांढरा, काळा...’ अशी वाचून दाखवायची. बाकीच्यांनी त्याप्रमाणे पुठ्ठे उलटायचे. अक्षर तयार झाले की सर्वांनी मधल्या सुट्टीत जायचे. परत आल्यावर अक्षर जागेवरच असेल. कोणी हात वर धरून उभे राहिले नाही, म्हणजे ऊर्जा खर्ची पडली नाही. उलट ६४ मुलांनी हात वर-खाली करून तेच अक्षर दाखवायचे ठरवले असते, तर दहा मिनिटांत हात दुखले असते. तो झाला मोबाइलचा पडदा.

आता ‘ट’ मोडून ‘प’ करा, पण दोन-तीन पुठ्ठे मुद्दाम उलटायचे विसरा. नव्या अक्षरात जुन्याचा अवशेष दिसेल. ई-रीडरवरही कधीकधी मागच्या पानाची अशी पुसट सावली दिसते. ती घालवायला उपकरण मधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा करून घेते. पान उलटताना पडदा क्षणभर लुकलुकतो तो त्यामुळे. ‘सर, हा बिघडला!’ असे मूल म्हणाले, तर हे पुठ्ठे आठवून द्यावेत.

मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून पाहिले, तर तो भिंगाचे काम करतो आणि लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. साध्या काळ्या-पांढऱ्या ई-रीडरच्या पडद्यात असे रंगीत ठिपके नसतातच. तेथे दिसतात ते करडे कण. (ई-रीडरवर मात्र पाणी टाकू नये, भिंगच वापरावे.)

वीज आणि वऱ्हाडचा उन्हाळा

खेड्यातल्या शाळेत उपकरण म्हटले की पहिली शंका विजेची येते. हिशोब करू. ई-रीडरची बॅटरी साधारण १,५०० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.७ व्होल्टची धरली, तर तिच्यात सुमारे साडेपाच वॅट-तास ऊर्जा मावते. दहा उपकरणांची मिळून ५५ वॅट-तास. चार्जरमधला अपव्यय धरून ७० ते ८०. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा आठ तास जाळला की ७२ वॅट-तास होतात. म्हणजे दहा ई-रीडर पूर्ण भरायला एका दिव्याची एका रात्रीची वीज पुरते, आणि तीही काही आठवड्यांतून एकदा. भारनियमन ही अडचण उरतच नाही.

खरी अडचण उष्णतेची. या उपकरणांचे उत्पादक साधारणपणे ० ते ३५ अंश सेल्सियसमध्ये वापरायला सांगतात. ठेवण्यासाठी जास्तीत जास्त ४५ अंशांच्या आसपासची मर्यादा देतात. अमरावती-अकोला भागात मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ पर्यंत जातो. टिनाच्या छपराखालच्या बंद खोलीत, लोखंडी कपाटात, त्याहून जास्त. लिथियम बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते. एक उष्णता आणि दुसरी पूर्ण भरलेल्या स्थितीत पडून राहणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘नीट चार्ज करून’ कपाटात ठेवलेल्या उपकरणाला या दोन्ही शिक्षा एकदम होतात.

यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. सुट्टीत उपकरण शाळेच्या कपाटापेक्षा मुलाच्या घरी जास्त सुरक्षित राहू शकते. मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरात दुपारचे तापमान टिनाच्या खोलीपेक्षा कमी असते. शिवाय बॅटरी रिकामी होत-भरत राहते. शाळेतच ठेवायचे असेल तर निम्मे चार्ज करून, पूर्ण बंद करून, इमारतीतल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवावे. मुलांना एवढेच सांगावे: झाडाच्या सावलीत खुशाल वाचा, पण उपकरण उन्हात पडू देऊ नका.

मराठी अक्षरांची परीक्षा

पडदा चांगला असला तरी त्यावर मराठी नीट दिसते का, हे वेगळे तपासावे लागते. संगणकात अक्षरांची चित्रे साठवलेली नसतात, क्रमांक साठवलेले असतात. जगातल्या बहुतेक लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःचा भाग मिळाला. आपण ‘कौंडण्यपूर’ लिहितो तेव्हा डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र क, औकाराची मात्रा, अनुस्वार, ड, ण, हलन्त, य, प, ऊकार आणि र असे दहा क्रमांक साठवले जातात. प्रत्येकाला प्रचलित पद्धतीत तीन बाइट, म्हणजे एका गावाच्या नावाला ३० बाइट.

या क्रमांकांतून अक्षरे घडवण्याचे काम उपकरणातल्या प्रणालीचे असते. ‘कि’ साठवताना आधी क येतो आणि मग ऱ्हस्व इकार; दाखवताना मात्र इकार आधी काढावा लागतो. ‘सूर्य’मधला र साठवलेला असतो य च्या आधी, दिसतो य च्या डोक्यावर. हे नियम प्रणालीला माहीत नसले तर वेलांट्या भलत्या ठिकाणी जातात आणि जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात. तिसरी-चौथीतले मूल, जे आत्ताच जोडाक्षरांशी झगडते आहे, त्याच्या हातात असे पान देणे म्हणजे अन्यायच.

म्हणून उपकरण घेण्यापूर्वी एक छोटी चाचणी घ्यावी. ‘किल्ला, सूर्य, आर्द्रता, कृष्ण, ज्ञान, बाळ, तऱ्हा, ऱ्हास, आचार्यांना, आचाऱ्यांना’ हे शब्द असलेली फाइल त्यावर उघडून पाहावी. शेवटचे दोन शब्द वेगळे दिसले पाहिजेत. एक गुरुजींसाठी आहे, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी! या परीक्षेत नापास झालेले उपकरण कितीही स्वस्त असले तरी शाळेच्या कामाचे नाही.

पुस्तकाची फाइलही पाहावी. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. मोठ्या पानाचा फोटो सहा इंची पडद्यावर बसवला की अक्षरे मुंगीएवढी होतात आणि वाढवायला गेले की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब प्रकारच्या फाइलमध्ये मजकूर युनिकोडमध्ये असतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. आकारातही फरक पडतो. दोनशे पानांचे मराठी पुस्तक युनिकोडमध्ये साधारण एक मेगाबाइटचे होते आणि ईपबमध्ये दाबून बसवल्यावर त्याहून पुष्कळ कमी. तेच स्कॅन केले तर सहज वीस-तीस मेगाबाइट. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, युनिकोडपूर्व काळातला मजकूर तर बहुतेक वेळा चिन्हांचा गोंधळ म्हणूनच दिसतो. तो आधी बदलून घ्यावा लागतो.

पुस्तक कोणाचे?

छापील पुस्तक शाळेने विकत घेतले की ती प्रत शाळेची. ती दहा मुलांना दिली, शंभरांना दिली, तरी कोणाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकाचे तसे नाही. ते ‘देणे’ म्हणजे बहुधा त्याची आणखी एक प्रत करणे, आणि प्रत करण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखक-प्रकाशकाकडे ठेवला आहे. विकत घेतलेले ई-पुस्तक प्रत्यक्षात बहुधा वाचण्याचा परवाना असतो. त्याला सांकेतिक कुलूप असते आणि किल्ली विक्रेत्याकडे. याचा अर्थ काय होतो, हे जुलै २००९ मध्ये जगाला कळले. अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दूर बसून पुसून टाकली. पैसे परत केले, पण पुस्तके गेली. छापील पुस्तकाबाबत असे करायचे तर प्रत्येकाच्या घरात शिरावे लागले असते!

सांकेतिक कुलूप ही कल्पना अमरावती जिल्ह्याला नवी नाही. मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. किल्ली पंथाबाहेर नव्हती, त्यामुळे मराठी गद्याचा हा ठेवा विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या वाचकांना बंदच राहिला. कुलपामुळे ग्रंथ जपला जातो हे खरे, पण किल्ली एकाच हाती राहिली की वाचकही बाहेर राहतो. त्याच ग्रंथाबद्दल परंपरा असेही सांगते, की मूळ प्रत धाडीत गेली आणि शिष्यांच्या पाठांतरावरून तो पुन्हा उभा केला गेला. प्रती अनेक हातांत असाव्यात, हा धडा त्यात आहे.

मग शाळेने काय भरावे? कुलूप नसलेली आणि कायद्याने मोकळी पुस्तके. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून मोकळे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यांच्या लेखनासाठी ही मुदत २०२८ अखेर संपते. कौंडण्यपूरच्याच तालुक्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजात ज्यांनी आयुष्य घालवले त्यांची ‘ग्रामगीता’ आज छापील स्वरूपातच घ्यावी, किंवा हक्क असणाऱ्यांची परवानगी विचारावी. हा हिशोब आठवी-नववीच्या मुलांना घालता येईल. मात्र जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली चित्रे आणि प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असतात, हे विसरू नये.

याशिवाय प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी बालकथा खुल्या परवान्याने मिळतात. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, मुलांना वाटता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत. मराठी विश्वकोश खुला आहे. पण चित्रकथा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर निम्म्या मरतात, हे लक्षात ठेवून पहिली-दुसरीच्या मुलांना रंगीत छापील पुस्तकेच द्यावीत.

फुटण्याचा हिशोब

आता कुलपाकडे वळू. मुलांना घरी दिले तर उपकरणे चोरीला जातील, ही भीती सर्वांना वाटते. २०१० साली वर्ल्डरीडर या संस्थेने आफ्रिकेतल्या घाना देशात शाळकरी मुलांना ई-रीडर घरी न्यायला दिले. त्याचे मूल्यमापन झाले, तेव्हा चोरीला गेलेली उपकरणे अगदी थोडी निघाली. फुटलेली मात्र सुमारे ४० टक्के! कारण पडद्याच्या रचनेत आहे. कुप्यांच्या थराखाली अतिशय पातळ काचेची पाटी असते. उपकरण दप्तरात पुस्तकांखाली दाबले गेले किंवा त्यावर कोणी बसले की ती तडकते. वरून ओरखडाही दिसत नाही, पण पान अर्धे गोठून जाते. त्याच प्रयोगात प्राथमिक वर्गांतल्या मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली. वरच्या वर्गांत ती तितकी ठळक नव्हती.

या आकड्याचा अर्थ गणिताने पाहू. एक उपकरण १०,००० रुपयांचे धरले तर दहांचे एक लाख. वर्षात ४० आठवडे आणि दर आठवड्याला एक उसनवारी. दरवर्षी ४० टक्के फुटली, तर पाच वर्षांत वापरात राहणारी उपकरणे अनुक्रमे १०, ६, ४, २, १ अशी, एकूण २३ उपकरण-वर्षे. म्हणजे ९२० उसनवाऱ्या, प्रत्येकी सुमारे १०९ रुपये. जाड पुठ्ठ्याचे कव्हर आणि थोडे शिक्षण देऊन फुटण्याचे प्रमाण १० टक्क्यांवर आणले, तर १०, ९, ८, ७, ७ म्हणजे ४१ उपकरण-वर्षे, १,६४० उसनवाऱ्या, प्रत्येकी ६१ रुपये. आणि उपकरणे कपाटातच राहिली तर? भागाकारात खाली शून्य येते. नग दहाच्या दहा शाबूत, खर्च मात्र अनंत.

त्याच लाखात शंभर रुपयांची १,००० छापील पुस्तके येतात. प्रत्येक पुस्तक पाच वर्षांत वीस वेळा गेले तर २०,००० उसनवाऱ्या, प्रत्येकी ५ रुपये. शिवाय साठ मुलांच्या शाळेत साठही मुले एकाच दिवशी पुस्तक घरी नेऊ शकतात. एका ई-रीडरवर आठवड्यात तीन पुस्तके वाचली गेली, तरी छापील पुस्तकच स्वस्त ठरते. आमचे स्पष्ट मत असे आहे, की ज्या शाळेत पुस्तकांचे कपाटच भरलेले नाही, तिने पहिला पैसा छापील पुस्तकांवर खर्च करावा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कुशिंग अॅकॅडमी या श्रीमंत शाळेने २००९ मध्ये वीस हजारांवर छापील पुस्तके काढून ग्रंथालय डिजिटल केले, तेव्हा जगभर चर्चा झाली. आपल्याला ती चैन परवडणारी नाही.

मग ई-रीडर कोणासाठी? कपाटातली सगळी पुस्तके वाचून संपवलेल्या सातवी-आठवीच्या मुलीसाठी. वर्गात मागे पडलेल्या, पण अक्षर दुप्पट मोठे केले की सहज वाचणाऱ्या अधू दृष्टीच्या मुलासाठी. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडिलांबरोबर महिनाभर दुसरीकडे जाणाऱ्या मुलांसाठी, ज्यांच्या पिशवीत दहा पुस्तके मावत नाहीत. येथे त्याची किंमत वसूल होते. पूर्ण अंध मुलांसाठी मात्र उपकरण बोलते का, हे आधी पाहावे. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये किंडलचा प्रयोग योजला तेव्हा त्याचे मेनू अंधांना वापरता येत नव्हते. अंधांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करायला सूट दिली आहे. तिचा फायदा शाळांनी घ्यावा.

वाचलेले समजते का?

पडद्यावर आणि कागदावर वाचून सारखेच समजते का, यावर बरेच संशोधन झाले आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे आणि १,७१,०५५ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळेचे बंधन असेल तेव्हा. गोष्टी वाचताना मात्र असा फरक दिसत नाही, असे त्यात आढळले. यातले बहुतेक पडदे संगणकाचे आणि टॅबचे होते. २०१९ च्या एका प्रयोगात ५० तरुणांना एकच कथा वाचायला दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. आकलन एकूण सारखेच होते. पण घटनांचा क्रम लावताना छापील पुस्तक वाचणारे पुढे होते. डाव्या हाताखाली वाढत जाणारी पाने आपल्याला ‘कुठवर आलो’ हे सांगत असतात. ई-रीडरमध्ये तो स्पर्श नाही.

यातून शिक्षकांना सरळ सूत्र मिळते. कथा, कादंबरी, प्रवासवर्णन ई-रीडरवर. इतिहास-विज्ञानाचा अभ्यास कागदावर. आणि ई-रीडरवर कथा वाचून आलेल्या मुलाला घटना क्रमाने सांगायला लावावे, म्हणजे जी बाजू लंगडी पडते तिचा सराव होईल.

देण्याची रीत

ग्रंथ पेटीत घालून गावोगाव पाठवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. पेटी गावाच्या भरवशावर सोडली जात होती. ई-रीडर ही तशीच पेटी आहे, फक्त काचेच्या तळाची.

तेव्हा सुरुवातीला काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. प्रत्येक उपकरणाला क्रमांक द्यावा आणि जाड पुठ्ठ्याचे कव्हर मुलांकडूनच कार्यानुभवात करून घ्यावे. देताना आणि परत घेताना पडदा सुरू करून दोघांनी पाहावा. मुदत एक आठवडा. आत कोणती पुस्तके आहेत याची छापील यादी कव्हरला चिकटवावी. नाहीतर शेकडो पुस्तकांतून मूल पहिलेच उघडते. पंधरा-वीस निवडक पुस्तके भरलेले उपकरण हजार भरलेल्यापेक्षा जास्त वाचले जाते, असे आम्हाला वाटते. पुस्तकांच्या फाइलींची एक प्रत शाळेच्या संगणकात आणि एक वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी. इंटरनेट बंद ठेवले तरी वाचन अडत नाही.

सर्वांत महत्त्वाचे, उपकरणे वाटण्याच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा. दरवर्षी दहापैकी एक-दोन उपकरणे फुटणार, हे त्यात लिहावे. त्याची भरपाई मुलाच्या घरून घेतली जाणार नाही, हेही लिहावे. मजुरीवर जगणाऱ्या घराला दहा हजारांची धास्ती घातली, तर आई ते उपकरण ट्रंकेत ठेवील. शाळेचे कुलूप निघाले आणि घरचे लागले, एवढेच होईल. ठराव हाती असेल तर मुख्याध्यापकांनाही निर्लेखनाच्या वेळी एकटे उभे राहावे लागणार नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, तेव्हा पहिले स्थान ग्रंथांच्या जपणुकीला नव्हे, त्यांच्या वापराला दिले. वर्षअखेरीला तपासणी करताना किती नग शाबूत आहेत हा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: किती मुलांनी किती पुस्तके वाचली. दुसरा रकाना भरलेला असेल, तर पहिल्यात एक-दोन नग कमी भरले तरी शाळेचे काही नुकसान झाले असे आम्ही म्हणणार नाही.